प्राण दिले, की घेतले?

युद्धस्मारकांवरच्या एका क्रियापदाशी माझे जुने भांडण आहे. 'दिले' हे ते क्रियापद. यांनी देशासाठी प्राण दिले. कुठल्याही देशात जा, कुठल्याही भाषेतला दगड वाचा, मजकूर हाच. देणारा कोण होता, देण्याइतकी जाण त्याला आली होती का, आणि मुळात मागितले कुणी, ही चौकशी दगड करीत नाही. जाणत्या वयाचा माणूस समजून उमजून गेला असेल तर ते क्रियापद चालेल. पण ब्रिटिश नौदलात शिकाऊ जहाजांवरून आलेली चौदा-पंधरा-सोळा वर्षांची पोरे दोन्ही महायुद्धांत मेली आणि त्यांच्याही स्मारकांवर हेच 'दिले' कोरले गेले. तिथे मात्र हे क्रियापद धादांत खोटे आहे, असे माझे म्हणणे आहे. मंडळी, रागावणार असाल तर आधी पूर्ण वाचा आणि मग रागवा.

शिकाऊ जहाज हा प्रकार आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही. (मुंबईच्या 'डफरीन'चे नाव जुन्या लोकांना आठवेल, पण ते व्यापारी जहाजांवरचे अधिकारी घडवणारे, चांगल्या घरच्या मुलांचे जहाज. त्याची जातकुळी वेगळी.) एकोणिसाव्या शतकात वाफेची जहाजे आली आणि शिडाची अवाढव्य लढाऊ जहाजे एकदम निकामी झाली. मोडायला महाग, ठेवायला अडचण. त्याच काळात लंडन, लिव्हरपूल, ग्लासगोसारख्या शहरांत अनाथ, बेवारशी, उपाशी पोरांची गर्दी झाली होती. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघाले की एक अडगळ दुसऱ्या अडगळीत ठेवावी. जहाजे नदीच्या मुखाशी नांगरली आणि पोरे त्यांवर चढवली. काही जहाजे नौदलाची स्वतःची, काही धर्मादाय संस्थांची. 'एक्समथ'वर लंडनच्या गरीबखान्यांतली मुले. डंडीजवळच्या 'मार्स'वर औद्योगिक शाळेच्या कायद्याखाली पाठवलेली. त्या भागात आया पोरांना 'मार्सवर पाठवीन हं' असा दम भरत असत. आणि थेम्स नदीतल्या 'कॉर्नवॉल'वर कोर्टाने शिक्षा केलेली मुले, म्हणजे सरळसरळ सुधारगृह.

सगळीच मुले नौदलात गेली नाहीत. कितीतरी व्यापारी जहाजांवर गेली, काही सैन्याच्या बँडमध्ये, काही परत घरी. पण शाळेचा रोख समुद्राकडे होता आणि युद्ध आले की समुद्र म्हणजे नौदल.

इथे आपला संबंध काय, असे विचारणारे वाचक असतातच. त्यांच्यासाठी सांगतो. संबंध लाकडाचा आहे. 'कॉर्नवॉल' हे त्या जहाजाचे दुसरे नाव. मूळ नाव 'वेलस्ली', मुंबईच्या गोदीत वाडियांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेले, १८१५ सालचे. नौदलाच्या शिकाऊ जहाजांत सर्वांत नावाजलेले 'गँजिस', म्हणजे आपली गंगा, तेही मुंबईचेच, १८२१ सालचे, चौऱ्याऐंशी तोफांचे. १८१७ सालचे 'ट्रिंकोमाली'ही मुंबईचे. त्यावर तर 'फूद्रोयां' या नावाने १९८६ पर्यंत मुले शिकत होती. आणि आमच्या मालकांनीही तेच केले हो! पोर्तुगिजांचे 'दों फेर्नांदो दुस इ ग्लोरिया' हे जहाज १८४३ साली दमणच्या गोदीत बांधले, लाकूड नगर हवेलीच्या जंगलातले. गोव्याहून लिस्बनला जाणाऱ्या जुन्या मार्गावरचे ते शेवटचे शिडाचे जहाज. म्हातारपणी त्याचे काय केले? लिस्बनजवळ नांगरून गरीब मुलांची शाळा. १९६३ साली ते जळेपर्यंत ती चालली. आज ते दुरुस्त करून संग्रहालय म्हणून ठेवले आहे, पर्यटक तिकीट काढून बघतात.

आपला साग टिकाऊ, यात वाद नाही. दीडशे वर्षे पाण्यात राहतो. पोरे तितकी टिकली नाहीत.

'गँजिस' १८६६ पासून १८९९ पर्यंत कॉर्नवॉल परगण्यात, फालमथच्या खाडीत मायलर गावाजवळ उभे होते. त्या तेहतीस वर्षांत प्रशिक्षण घेता घेता जी मुले मेली त्यांचे स्मारक मायलरच्या चर्चच्या आवारात आहे. त्रेपन्न मुले. युद्धात नव्हे, शिकताना. कुठलाही शत्रू जवळपास नसताना. दुसरी गोष्ट त्या 'कॉर्नवॉल'ची. पहिले महायुद्ध चालू असताना, १९१५ च्या ऑगस्टमध्ये, त्या जहाजावरची मुले नावेत बसून थेम्समध्ये गेली होती. नाव बुडाली आणि कित्येक मुले गेली. वेस्ट थुरॉकच्या सेंट क्लेमेंट चर्चच्या आवारात त्यांना पुरले आहे. कोर्टाने सुधारण्यासाठी पाठवलेली मुले ती. या दोन दगडांबद्दल मला एक बरे वाटते, की त्यांना युद्धाचा मुलामा देता आला नाही. मुले होती, शिकत होती, मेली. बस्स. जे झाले तेवढेच तिथे आहे.

युद्धाने मेलेल्या पोरांच्या नशिबी हा साधेपणा आला नाही.

जॅक कॉर्नवेलचे उदाहरण घ्या. लंडनच्या पूर्व भागातला, ८ जानेवारी १९०० चा जन्म. शाळा सोडल्यावर ब्रुक बाँड चहाच्या गाडीवर माल पोचवण्याचे काम करी. (हो, तोच ब्रुक बाँड, आपल्या वाण्याकडे मिळणारा.) १९१५ साली नौदलात 'बॉय' म्हणून भरती झाला. डेव्हनपोर्टला नौदलाच्या केंद्रात शिकून 'चेस्टर' या क्रूझरवर गेला. ३१ मे १९१६ ला जटलंडची लढाई झाली. पुढच्या तोफेवर त्याचे काम होते ते नेम धरण्याची चकती हुकमाप्रमाणे फिरवायचे. जर्मन तोफगोळ्यांनी त्या तोफेवरची माणसे एक तर मेली, नाही तर जायबंदी झाली. कॉर्नवेलच्या छातीत धातूचे तुकडे घुसले, तरी तो जागेवर उभा राहिला, न जाणो हुकूम येईल म्हणून. २ जूनला ग्रिम्सबीच्या इस्पितळात मेला. वय सोळा वर्षे पाच महिने, तेही पुरते नाही.

त्यानंतर जे झाले ते खरे वाचण्यासारखे आहे. घरच्यांकडे पैसे नव्हते, म्हणून त्याला मॅनर पार्कच्या दफनभूमीत सामाईक, गोरगरिबांच्या कबरीत पुरले. नौदल गप्प. मग नौसेनापती बीटी यांच्या अहवालातला या पोरावरचा मजकूर प्रसिद्ध झाला आणि वर्तमानपत्रांनी ओरड केली, की वीर बालकाची ही काय विटंबना! २९ जुलैला कबर उकरून प्रेत बाहेर काढले, तोफगाडीवर ठेवून, लष्करी इतमामाने पुन्हा पुरले. सप्टेंबरमध्ये व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. शाळाशाळांतून त्याच्या नावाचा दिवस पाळला, मुलांकडून पेनी पेनी गोळा केली. चित्रकाराने भव्य चित्र काढले. मेलेल्या मुलाचा चेहरा कुठून आणणार, म्हणून भावाला समोर उभे केले.

आणि घर? बाप त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सैन्याच्या नोकरीत असताना मेला. सावत्र भाऊ १९१८ साली फ्रान्समध्ये मारला गेला. आईने राजवाड्यात जाऊन राजाच्या हातून मुलाचे पदक घेतले आणि १९१९ साली लंडनमध्येच हलाखीत मेली. मुलांनी जमवलेली पेनी पेनी अपंग खलाशांच्या इस्पितळातल्या वॉर्डाला गेली. वॉर्डाला नाव जॅक कॉर्नवेलचे. वाईट काम नव्हे, चांगलेच. पण ज्या बाईचा मुलगा गेला तिच्या चुलीपर्यंत त्यातले फारसे काही पोचले नाही.

माझा मुद्दा इथे पाहा. बीटीच्या अहवालात पोराचे वय मुद्दाम सांगितले होते, साडेसोळाच्या आत म्हणून. म्हणजे वय माहीत नव्हते असे नाही. ते लपवायचे होते असेही नाही. शोभेचे होते तिथे ते पुढे केले, कारण सोळा वर्षांच्या पोराची वीरश्री पाहून तिशीतला माणूस शरमेने भरतीला जावा. पण हेच वय आरोपपत्र म्हणूनही वाचता येते, की सोळा वर्षांचे पोर तोफेवर कुणी उभे केले? तो प्रश्न विचारायची वेळ आली की वय गुपचूप खिशात.

आता नेहमीचा आक्षेप येणार. आजच्या मापाने तो काळ मोजू नका, तेव्हा चौदाव्या वर्षी मुले कामाला लागत, सोळाचा म्हणजे कर्ता. हा आक्षेप घेणाऱ्यांना मी त्याच काळाचे माप दाखवतो. ब्रिटनने सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा जानेवारी १९१६ मध्ये केला, मार्चमध्ये लागू केला. त्यात खालची वयोमर्यादा काय होती? अठरा. आणि एकोणिसाच्या आत परदेशी आघाडीवर पाठवायचे नाही, असे धोरण (पुढे १९१८ साली माणसे कमी पडू लागली तेव्हा ते सैल केले). म्हणजे ज्या पार्लमेंटने अठराच्या आतल्या मुलावर युद्धाची सक्ती करणे गैर मानले, त्याच पार्लमेंटच्या पगारावर तीन महिन्यांनी कॉर्नवेल तोफेपाशी उभा होता. हे माप माझे नाही, २००० नंतरचे नाही, त्यांचेच आहे, त्याच वर्षाचे.

बरे, एकदा चुकले म्हणावे तर तेवीस वर्षांनी पुन्हा तेच. ३ सप्टेंबर १९३९ ला युद्ध पुकारले आणि त्याच दिवशी सक्तीच्या भरतीचा नवा कायदा मंजूर झाला. वय अठरा ते एक्केचाळीस. सहा आठवडे उलटतात न उलटतात तोच, १४ ऑक्टोबरच्या रात्री एकच्या सुमारास, स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्क्नी बेटांतल्या स्कापा फ्लो बंदरात, जिथे शत्रू शिरूच शकणार नाही असे नौदल समजत होते तिथे, जर्मन पाणबुडी यू-४७ शिरली आणि 'रॉयल ओक' ही युद्धनौका बुडवली. ८३५ जण मेले. त्यांत अठरा पूर्ण न झालेली मुले १३४.

एकशे चौतीस. आपल्याकडच्या एखाद्या हायस्कुलाच्या नववी-दहावीच्या सगळ्या तुकड्या मिळून जेवढी होतील तेवढी मुले, एका रात्रीत, झोपेतून उठता उठता.

कर्कवॉलच्या सेंट मॅग्नस कॅथेड्रलमध्ये त्या जहाजाची घंटा आहे आणि मृतांच्या नावांचे पुस्तक आहे, ठरावीक दिवसांनी त्याचे पान उलटतात. दरवर्षी पाणबुडे खाली जाऊन बुडालेल्या जहाजावर नौदलाचे निशाण नवे लावतात. हे सगळे मनापासून होते, मी त्याची टिंगल करणार नाही. पण या मुलांचा उल्लेख निघाला की शब्द कोणते येतात ते ऐका. 'रॉयल ओकचे वीर', 'शूर पुरुष', 'त्यांनी सर्वस्व दिले'. जिवंतपणी हुद्दा 'बॉय', मेल्यावर एकदम 'पुरुष'! सरकारी नोकरीत इतकी झटपट बढती मी कुणाची पाहिली नाही.

या 'बॉय' शब्दाची गंमत आम्हा गोवेकरांना जास्त कळायला हवी. आमचे तारवटी पिढ्यान् पिढ्या इंग्रजांच्या बोटींवर गेले. धोबीतलावच्या कुडींत गावाच्या नावाने खाटा टाकून बोटीची वाट बघत राहिले. स्वयंपाकी, वाढपी, केबिनचे नोकर. त्यांना साहेब हाक कशी मारी? 'बॉय!' पन्नाशीचा, चार मुलींचा बाप असलेला, चर्चच्या फेस्ताला कोट घालून मिरवणारा आमचा पात्रांव बोटीवर आयुष्यभर 'बॉय' राहिला. म्हणजे त्या साम्राज्याच्या हिशेबात आमचे म्हातारे पोरे होते आणि त्यांची स्वतःची पोरे, मेली की, पुरुष होती. दोन्हीकडे गोम एकच. ज्याला मोठे म्हटले की हक्क द्यावे लागतात त्याला बॉय म्हणा. ज्याला लहान म्हटले की जाब द्यावा लागतो त्याला पुरुष म्हणा. (मुंबईत मशीद बंदरजवळच्या खलाशांच्या जुन्या वसतिगृहात दोन्ही महायुद्धांत समुद्रात गेलेल्या हिंदी खलाशांची स्मारके आहेत. पहिल्या युद्धातली दोन हजारांवर नावे, दुसऱ्यातली सहा हजारांवर. किती गोवेकर तिथे गेले असतील? त्याच्यावर पुन्हा कधीतरी सविस्तर.)

दुसरा आक्षेप असा की पोरे खुशीने गेली होती. असतील. समुद्राची हौस, दोन वेळचे पोटभर जेवण, अंगावर गणवेश, गावात मान. शॉटलीच्या किनाऱ्यावर पुढे 'गँजिस' नावाचेच केंद्र निघाले, ते १९७६ पर्यंत चालले. तिथे सुमारे १४० फूट उंच डोलकाठी होती आणि समारंभात एक पोरगा तिच्या टोकावरच्या बशीएवढ्या चकतीवर ताठ उभा राहून सलाम करी. तिथे शिकलेले म्हातारे आजही त्याच्या आठवणी अभिमानाने सांगतात. मी त्यांचा अभिमान खोटा म्हणत नाही. पण हौस वेगळी आणि संमती वेगळी. माझ्या टेबलावर रोज अर्ज येतात. अर्जदार सतरा वर्षांचा असला तर मी पालकाची सही मागतो, नसली तर परत पाठवतो, मग पोरगा कितीही हौसेने आलेला असो. त्याच न्यायाने या बॉय लोकांच्या कागदांवर सह्या बापाच्या, आईच्या, नाहीतर अनाथालयाच्या अधिकाऱ्याच्या. सुधारगृहवाल्यांच्या बाबतीत तर जहाजावर जाण्याचा निर्णयच मॅजिस्ट्रेटचा. ज्याच्या सहीला किंमत नाही त्याने प्राण मात्र 'दिले'? ज्याला स्वतःच्या मिळकतीतला एक पैसा कायद्याने कुणाला बक्षीस देता येत नव्हता, तो आयुष्य देऊन बसला?

आणि कारकून म्हणून मला सगळ्यात झोंबते ती नोकरीची अट. या मुलांचा करार बारा वर्षांचा असे. पण बारा वर्षे मोजायची कुठून? भरतीच्या दिवसापासून नव्हे, अठरा पूर्ण झाल्यापासून! पंधराव्या वर्षी आलेल्या मुलाची पहिली तीन वर्षे मोजणीतच नाहीत. आमच्या जुन्या पेन्शन नियमांतही अठराच्या आधीची नोकरी सहसा धरत नसत, त्यामुळे ही भाषा मला ओळखीची आहे. तिचा अर्थ एवढाच, की ही वर्षे आम्ही खऱ्या अर्थाने नोकरी मानत नाही, कारण करणारा अजून सज्ञान नाही. ठीक. पण मग त्या न मोजलेल्या वर्षांत आलेले मरण तेवढे पूर्ण हिशेबात धरून, वीरमरण म्हणून दगडावर जमा? हा कुठला लेखासंहितेचा नियम?

'दिले' या शब्दाला मी सरसकट विरोध करतो असे कुणी समजू नये. आपल्या पत्रादेवीला जा. १५ ऑगस्ट १९५५ ला जे सत्याग्रही पोर्तुगिजांच्या बंदुकांसमोर हद्द ओलांडून आले त्यांना कुणी पगारावर आणले नव्हते. कुणाच्या सहीने ते आले नव्हते. परत फिरायची मुभा शेवटच्या पावलापर्यंत होती. पंजाबातल्या कर्नैलसिंगांना गोव्याशी काय देणेघेणे होते? ते आले आणि गोळी खाल्ली. तिथे 'प्राण दिले' हे क्रियापद अक्षर न् अक्षर खरे आहे. म्हणूनच ते इतर ठिकाणी उधळून स्वस्त करू नये, असे मला पोटतिडकीने वाटते. एकाच शब्दात कर्नैलसिंग आणि झोपेत बुडालेले सोळा वर्षांचे पोर, दोघांनाही बसवले तर दोघांवरही अन्याय.

तिसरा आक्षेप सौम्य लोकांचा. स्मारक म्हणजे काही चौकशी अहवाल नव्हे, दुःखाच्या जागी हिशेब कशाला? पण स्मारके ही सरळ मनाने, आपोआप उगवलेली नसतात हो. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश साम्राज्याच्या मृतांसाठी १९१७ साली खास आयोग नेमला. त्याने एकेक गोष्ट वाद घालून ठरवली. सेनापती असो की शिपाई, दगड एकाच मापाचा. श्रीमंताचे प्रेतसुद्धा घरी न्यायचे नाही. घरच्यांना कबरीवर आपल्या मनाची ओळ कोरता येईल, पण ६६ अक्षरांच्या आत, आणि अक्षराला साडेतीन पेन्स. (पुढे ही वसुली ऐच्छिक केली. पण आधी सुचली, हे कारकुनी डोके मला ओळखू येते.) समतेचा तो निर्णय खरोखर मोठा होता, त्याबद्दल मी त्या आयोगाला मानतो. मग इतका बारकाईने विचार करणाऱ्यांनी समुद्रात गेलेल्यांचे काय केले? ज्यांना जमिनीवर कबर मिळाली त्यांच्या दगडावर घरच्यांनी कळवले असल्यास वय आहे. पण ज्यांना समुद्राखेरीज कबर नाही, त्यांच्यासाठी पोर्ट्समथ, प्लिमथ आणि चॅटम इथे तीन उंच स्तंभ बांधले, १९२४ साली. त्यांवर हजारो नावे आहेत. नाव आहे, हुद्दा आहे. वय नाही. म्हणजे बुडालेल्या पोराचे वयही त्याच्याबरोबर बुडाले. 'रॉयल ओक'ची ज्यांची प्रेते सापडली नाहीत ती मुले पोर्ट्समथच्या स्तंभावर अशीच वयाविना आहेत.

आता आजचे थोडे, कारण हे सगळे इंग्रजांच्या नावावर खपवून मोकळे होणे सोपे आहे. ब्रिटनमध्ये नौदलातला 'बॉय' हा हुद्दा १९५६ साली गेला आणि 'ज्युनिअर' आला. भरती अजूनही सोळाव्या वर्षापासून होते. १९८२ च्या फॉकलंड युद्धात सतरा वर्षांचे सैनिक मेले. बालसैनिकांविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार २००० साली झाला. आपण भारतीयांनी तो २००५ साली मान्य केला तेव्हा सैन्यभरतीचे किमान वय साडेसोळा असल्याचे लिहून दिले, प्रत्यक्ष लढाईच्या जागी अठरानंतरच असे सांगून. २०२२ पासून अग्निवीर साडेसतराव्या वर्षी घेतात. नौदलाचे अग्निवीर ओडिशात चिल्का सरोवराकाठी आयएनएस चिल्कावर शिकतात. अठराच्या आतला असला तर पालकाची सही लागते. चार वर्षांच्या आत गेला तर विम्याची आणि सानुग्रह रक्कम मोठी आहे, पण नियमित जवानाच्या घरच्यांना मिळते तसे कुटुंब निवृत्तिवेतन नाही. मी सरकारी नोकर आहे, मला सेवानियम पाठ आहेत, म्हणून धोरणावर टीका न करता नुसता तपशील मांडला. कॉर्नवेलच्या आईची गोष्ट वर लिहिली आहे, ती कुणाला पुन्हा वाचायची असल्यास वाचावी.

आपल्याकडे 'शहीद' आणि 'हुतात्मा' हे शब्द हल्ली बॅनरवर अभिनेत्याच्या वाढदिवसाइतक्या मोठ्या टायपात येतात, गावोगावी कमानी उभ्या राहतात. कमानीवर आमदाराचा फोटो असतो, सरपंचाचा असतो. गेलेल्या पोराची जन्मतारीख कुठेच नसते. इंग्रजांकडून आपण रेल्वे घेतली, टपाल घेतले, फाईल घेतली, आणि स्मारकावर वय न लिहिण्याची ही खोडही बिनबोभाट घेतली.

मागणी फार मोठी नाही. कुणी स्तंभ पाडा म्हणत नाही, 'दिले' हा शब्द छिन्नीने खरवडा असेही नाही, तेवढा बदल होणार नाही हे मला कळते. शिकाऊ जहाजांवरून आणि केंद्रांवरून गेलेल्या प्रत्येक 'बॉय'च्या नावापुढे दोन आकडे असावेत, १५, १६, १७, जे असेल ते. स्तंभावर जागा नसेल तर शेजारी एक साधा फलक. खर्च अक्षराला साडेतीन पेन्सच्या जुन्या दरानेही परवडेल. माहिती मिळणार नाही असे कुणी म्हणू नये. ब्रिटिश नौदलाच्या भरतीच्या नोंदवह्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवल्या आहेत, आणि प्रत्येक बॉयच्या पानावर नावाच्या जोडीला जन्मतारीख लिहिलेली आहे. लिहिणे भागच होते. बारा वर्षांची मोजणी कुठल्या दिवसापासून धरायची, ते तिच्यावरूनच ठरत होते.